कुटुंबप्रमुखाची सही

॥ श्री ॥
चाकण, ता. ५ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योतीराम यास रुक्मिणीताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी मुद्द्यावर आले की तुला सेकंड शिफ्टची आठवण होते, आणि नंतर म्हणतोस, ताई तू असं काही बोललीच नव्हतीस. कागदावरचं तसं नाकारता येत नाही. अंतर्देशीय मागितलं तेव्हा पोस्टातल्या बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. चारच उरली होती, चारही घेऊन आले.

आमच्या कंपनीच्या कँटीनचं कंत्राट बदललं. नवा कंत्राटदार म्हणतो, पाडव्यानंतर बघू. तोवर मी घरी. रोज चारशे चपात्या लाटणाऱ्या बाईने घरी दोघींच्या सहा लाटल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं? मी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करते. वर्षालीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष, मार्चअखेर परीक्षा. ती अभ्यासाला बसली की मी तिच्याकडे बघत बसते, आणि ती चिडते.

आता मुद्दा. सोमवारी रेशन आणायला गेले. मशीनने माझा अंगठा पहिल्याच झटक्यात ओळखला. एरवी तीनदा पदराला पुसावा लागतो, म्हणून मला फार आनंद झाला, पण तो तेवढ्यापुरताच. दुकानदार दत्तोबा म्हणाले, मावशी, या कार्डाचं धान्य थांबलंय, कार्डवाल्यांनी आपणहून लाभ सोडलाय असं दिसतंय. मी म्हटलं, मी काही सोडलेलं नाही, मी तर पिशवी धरून उभी आहे. मागे वीस माणसं खोळंबली होती. रिकामी पिशवी घडी घालून परत आणली.

आम्हा दोघींचे महिन्याचे दहाच किलो. पण सध्या या घरात नक्की येणारं असं तेवढंच आहे.

तू युनियनमध्ये होतास, कागदपत्रांतला माणूस. आपलं पाच जणांचं कार्डही तुझ्याच कपाटात. तेव्हा शोधून काढ, हा उपद्व्याप कोणा शहाण्याने केला. देव अक्कल वाटत होता त्या दिवशी तो बहुतेक ओव्हरटाइमला गेला असावा.

सुमनला आणि गणराजला आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे, उत्तर मात्र लवकर दे.

तुझी
रुक्मिणीताई

ता. क. वर्षालीने मोबाईलवर तुझा फोटो दाखवला. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. छान दिसतोस. सत्कार कशाबद्दल रे?


॥ श्री ॥
पुनावळे, ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. रुक्मिणीताईस ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने ते मला कोर्टाची नोटीस असावी तसं दोन बोटांत धरून दिलं. या सोसायटीत राहायला आल्यापासून माझ्या नावावर आलेलं हे पहिलंच टपाल. एरवी पार्सलं येतात, तीही गणराजची.

रेशनचं वाचलं. ताई, हे सगळं सर्व्हरचं काम असतं. कधी डाऊन असतो, कधी काही अपडेट चाललेलं असतं. मी चौकशी करतो. कोणी मुद्दाम केलं असेल असं मला नाही वाटत. माणूस कधीकधी चांगल्या हेतूने काही करायला जातो आणि ते भलतीकडेच जातं, तसं सर्व्हरचंही होत असावं.

फोटोचं म्हणशील तर तो सव्वीस जानेवारीचा. सोसायटीत असे सत्कार चालूच असतात, नारळ कोणालाही देतात. शाल टोचते.

बाकी इथलं काय सांगू? लिफ्टमध्ये सगळे मोबाईलकडे बघतात आणि मी मजल्यांच्या आकड्यांकडे, जणू माझा मजला चुकून निघून जाईल. परवा एका बाईंनी मला विचारलं, काका, तुम्ही कुठल्या फ्लॅटमध्ये कामाला आहात. मी म्हटलं, एक हजार तीनमध्ये. खोटं नव्हतं ते, सुमन मला तिथे कामालाच लावते. पण नंतर आरशात बघून घेतलं, की नक्की काय दिसलं असेल. काही वेगळं नव्हतं. भोसरीच्या कंपनीत एकोणतीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस होता, बनियनवर.

तर, गणराज रविवारी गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. डिकीत सिहोरचा गहू आणि तांदळाचं पोतं आहे. सर्व्हर सुधारेपर्यंत घरात असू दे. नाही म्हणू नकोस.

वर्षालीला म्हणावं, मामा तिच्या हातचं पहिलं इंजेक्शन घेणार आहे. थोरल्या बहिणीची माया आहेच, या महिन्यात जरा जास्तच असू द्यावी.

तुझा
ज्योतीराम


॥ श्री ॥
चाकण, ता. १७ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योतीराम यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. पोती परत पाठवली, ती पोचली असतील. गणराजला वाईट वाटलं. बिचारा तळेगाव चौकात दीड तास अडकून आला होता. त्याला पोटभर जेवू घातलं, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि पोती पुन्हा डिकीत चढवायला मीच हात लावला. जाताना तो तीनदा म्हणाला, आत्या, बाबा मला रागावतील. मी म्हटलं, या महिन्यात नाही रागावणार.

तू दिलेलं मी घेत नाही असं कधी झालंय का? दिवाळीची साडी घेते, तिचा रंग मला शोभत नाही तरी घेते. पण ते माहेरचं. माहेरचं कौतुकाने सणाला यावं. तेच रोजच्या ताटात यायला लागलं की लोक त्याला वेगळं नाव ठेवतात, आणि लोकांच्या आधी मी ठेवते. रेशनचं तसं नाही. आधी दोन रुपयांनी गहू अन् तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा, आता तर फुकटच आहे, तरी ती कोणाची मेहेरबानी नाही. कायद्याने ते माझ्या नावाचं आहे. मी रांगेत उभी राहते, अंगठा देते आणि आणते. दत्तोबा माप टाकतात तेव्हा मी त्यांचे आभार मानत नाही, काटा बघते.

वर्षालीने मैत्रिणीकडून एका कंपनीत पॅकिंगचं काम विचारून ठेवलंय. ते लोक उद्यापासूनच ये म्हणतात. परीक्षा पुढच्या वर्षी देईन म्हणते. मी तिला म्हटलं, पिठाचा डबा अजून जड आहे. तिने डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि खाली ठेवला. मार्चचा पहिला आठवडा जाऊ दे, असं म्हणून मी तिला थांबवलंय. तिने एक वर्ष सोडलं तर ती पुन्हा पुस्तक उघडणार नाही, हे मला कळतं. मीही चौथीनंतर एकच वर्ष सोडलं होतं.

तुझ्या त्या सर्व्हरची गाठ पडली तर त्याला एवढंच विचार, की लाभ सोडताना कार्डावरची नावं वाचली होतीस का? नुसतं विचार, ओरडू नकोस. चांगल्या हेतूने करणारे सर्व्हर फार हळवे असतात.

सुमनला आशीर्वाद. तू नीट जेव, आणि उत्तर दे.

तुझी
रुक्मिणीताई


॥ श्री ॥
पुनावळे, ता. २१ फेब्रुवारी २०२५

ती. रुक्मिणीताईस ज्योतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

ताई, सर्व्हर मीच आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. आमच्या तिघांच्या वाट्याचं धान्य मी दर महिन्याला आणत होतो. गणराजला चांगला पगार आहे, मलाही आहे, आपल्याला याची गरज नाही हे मला ठाऊक होतं. पण बावीस वर्षांची सवय. आणि सोसायटीत रेशनची पिशवी कोणी बघू नये म्हणून मी ते गणराजच्या जुन्या लॅपटॉपच्या बॅगेतून आणायचो. जानेवारीत त्या बॅगेची चेन लिफ्टमध्ये उसवली आणि तांदूळ सांडायला लागला. सोसायटीचे चेअरमन शेजारीच उभे. म्हणाले, काका, तुमचा कॉम्प्युटर गळतोय. सगळी लिफ्ट हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

पुढच्याच आठवड्यात सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झाल्यावर चेअरमन म्हणाले, ज्यांना गरज नाही त्यांनी रेशनचं धान्य स्वेच्छेने सोडावं, टेबलावर फॉर्म ठेवलेत. पुढे म्हणाले, अर्थात आपल्याकडे कोणाचं रेशन असणार. पुन्हा हशा. तेव्हा मी उठलो. मला कोणी उठवलं नव्हतं, ताई. त्या लिफ्टने उठवलं.

टेबलाशी गेलो, फॉर्म भरला, मोबाईलवर ओटीपी आला तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि खाली कुटुंबप्रमुख लिहिलं होतं तिथे अशी सही ठोकली की कागद फाटला. टाळ्या पडल्या. मग मी भाषणही केलं. म्हटलं, एके काळी गरज होती, देशाने दिलं, आज देशाला परत करतो. लोक उभे राहिले. मग फेटा, मग शाल, मग नारळ.

देशाला परत केलेल्यात तुझे दहा किलो होते हे मला सुचलं नाही, असं लिहिणार होतो. पण तू कागदावरच बोलायचं ठरवलंयस, तर खरं लिहितो. घरी जाताना लिफ्टमध्ये सुचलं होतं. पण खांद्यावर शाल होती, आणि दहाव्या मजल्यापर्यंत सगळे माझ्याशी बोलत होते. म्हटलं, बघू नंतर.

तू विचारलंस, नावं वाचली होती का. नाही वाचली. फॉर्मवर छापलं होतं, मी व माझे कुटुंब. मला वाटलं माझं कुटुंब म्हणजे दहाव्या मजल्यावरची तीन माणसं. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. शहाणा म्हणालीस ते कमीच होतं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी रजा मिळतेय. पुरवठा कार्यालयात जाऊन कुटुंबप्रमुख या नात्याने सगळं मागे घेतो. वर्षालीला तोवर कंपनीत पाठवू नकोस, तुझ्या पाया पडतो.

मायेवर हक्क सांगायला तोंड उरलेलं नाही, तरी सांगतो.

तुझा
ज्योतीराम


॥ श्री ॥
चाकण, ता. २५ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योतीराम यास आशीर्वाद.

वि. वि. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मशीनवर तुझाच मोबाईल नंबर दिसत होता, दत्तोबांनी शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. शहाणा मी मुद्दाम लिहिलं होतं. आणखीही बरंच सुचलं होतं, अंतर्देशीय पुरलं नाही.

मग थेट का विचारलं नाही म्हणशील. तू लहानपणी काही फोडलंस की पलंगाखाली जाऊन बसायचास. ओढून काढलं तर चावायचास, म्हणून आई म्हणायची, जेवायची वेळ होऊ दे, आपण होऊन येईल. मी वाट बघत होते.

राग धान्याचा नाही आला. त्या तीन माणसांचा आला. वर्षालीचे बाबा गेले तेव्हा मी तिला काखोटीला मारून संत तुकाराम नगरला तुझ्या दोन खोल्यांत आले. नऊ वर्षं आपण पाच जण एका पातेल्याभोवती बसलो. चाकणला काम मिळालं म्हणून मी वेगळी खोली घेतली, तर मला वाटलं मी फक्त घर बदललं. ते वाचून मी दुपारभर भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होते.

आता माझंही ऐक. तुझा शालीतला फोटो कँटीनमधल्या सगळ्या बायकांना मीच पाठवला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. भाऊ दहाव्या मजल्यावर राहतो, मोठमोठे लोक त्याचा सत्कार करतात, एवढंच सांगितलं. घरात पीठ नाही आणि मी मिरवतेय. तेव्हा एकाच आईची आहोत आपण.

कार्यालयात नीट बोल. भाषण करू नकोस. काय होतं ते कळव, जीव टांगणीला आहे.

तुझी
रुक्मिणीताई


॥ श्री ॥
पुनावळे, ता. १ मार्च २०२५

ती. रुक्मिणीताईस ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. धान्य सुरू होतंय. दोन-तीन दिवसांत दत्तोबांच्या मशीनवर दिसेल. वर्षालीला लगेच सांग आणि मगच पुढचं वाच.

कार्यालयात तीन तास बसलो. नंबर आल्यावर खिडकीतल्या बाईंना म्हटलं, मी कुटुंबप्रमुख, माझा अर्ज मागे घ्यायचाय. त्यांनी कार्ड मागितलं. पहिलं पान उघडलं, माझ्याकडे फिरवलं आणि बोट ठेवून म्हणाल्या, वाचा. मी चष्मा लावला. कुटुंबप्रमुख, श्रीमती रुक्मिणी. वर तुझा फोटो, कपाळावर केस आलेले, आपण घाईत काढला होता तो. मी म्हटलं, मॅडम, ही माझी बहीण, ही आमच्याकडे राहायची. त्या म्हणाल्या, नाही काका. कार्डाप्रमाणे तुम्ही यांच्याकडे राहता.

मागची सगळी रांग हसली. लिफ्टपेक्षा मोठी होती. पण या वेळी मी मोठ्याने हसलो नाही, कारण मला खरंच हसू आलं होतं.

अन्नसुरक्षेचा कायदाच तसा आहे म्हणे. घरातली सगळ्यांत मोठी बाई ती कुटुंबप्रमुख. चौदा साली कार्ड नवीन केलं तेव्हा तुझा फोटो मीच नेऊन दिला होता. मला वाटलं, बाईमाणसाचा फोटो लावला की काम लवकर होत असेल. अकरा वर्षं कार्ड माझ्या कपाटात, मी मान ताठ करून त्याचा प्रमुख, आणि खरी प्रमुख चाकणला चारशे चपात्या लाटतेय.

तर माझा तो सत्काराचा अर्ज, प्रमुखाची सही नाही म्हणून अडकून पडला होता, आणि निकाल लागेपर्यंत धान्य थांबलं होतं. बाईंनी माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. ज्या सहीला टाळ्या पडल्या ती सही, ताई, कसल्याच कामाची नव्हती. फेटा-नारळ परत करावा का, असं सुमन विचारते. नारळाची तर तिने चटणी केली.

आता एक विचारायचंय. आम्हा तिघांची नावं कार्डावरून निघायला हवीत. हे शालीशिवायच, गुपचूप, केव्हाच करायला हवं होतं. त्याचा फॉर्म सोबत आहे. त्यावर कुटुंबप्रमुखाची सही लागते, म्हणजे तुझी. कार्ड गणराजबरोबर पाठवतोय, ते यापुढे तुझ्याकडेच राहू दे. फॉर्म भरताना मला जरा कसंतरी झालं. तुझं आणि माझं नाव एकाखाली एक असलेला एकच कागद होता, तो म्हणजे हे कार्ड.

तू सांगशील तसं. मायेत ठेवावं, कार्डाचं तू ठरव.

तुझा
ज्योतीराम


॥ श्री ॥
चाकण, ता. १० मार्च २०२५

चि. ज्योतीराम यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे चौथं आणि शेवटचं अंतर्देशीय, म्हणून बारीक लिहितेय. गहू-तांदूळ मंगळवारीच आणले. अंगठा या वेळी तीनदा पुसावा लागला, तेव्हा खात्री पटली की सगळं पूर्वीसारखं झालं. वर्षालीने पॅकिंगवाल्यांना नाही म्हणून कळवलं. आता मी तिच्याकडे बघत बसले तरी ती चिडत नाही.

फॉर्म पोस्टाने पाठवायचा नाही असं मी ठरवलं. वर्षालीला घेऊन बसने स्वतः कार्यालयात गेले. खिडकीशी पोचल्यावर त्याच बाई असाव्यात, म्हणाल्या, कुटुंबप्रमुख कोण? मी मागे वळून बघितलं. वर्षालीने कोपराने ढोसलं तेव्हा मी हात वर केला, शाळेत करतात तसा. 

ज्योतीराम, माझं लग्न ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. वर्षालीचे बाबा गेल्यावर त्यांच्या फंडाच्या कागदांवर दिराने दाखवलं तिथे सही केली. खोली भाड्याने घेतली ती तुझ्या सहीने. साठ वर्षांत कोणाचं काम माझ्या सहीवाचून अडलंय, असं मी पहिल्यांदा बघितलं. आणि अडलं कोणाचं, तर तुझं! बसमध्ये मला रडू आलं. वर्षालीला वाटलं बस लागली, तिने लिंबू दिलं.

तुमची तिघांची नावं काढली. काढायलाच हवी होती, त्या धान्यासाठी तिथे रांगेत उभी असलेली माणसं मी बघितली. फॉर्मवर एक रकाना होता, नाव कमी करण्याचे कारण. तू तो कोराच ठेवला होतास. छापलेलं होतं, मृत्यू, विवाह, स्थलांतर, इतर. बाई म्हणाल्या, इतर असेल तर लिहून द्या. वर्षालीने पेन उघडलं आणि विचारलं, आई, काय लिहू. मी जरा विचार केला आणि तिच्या हातातलं पेन घेऊन स्वतःच लिहिलं, भावाचं आता बरं चाललंय. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

रविवारी ये. वर्षालीला अभ्यासात कोणीतरी आजारी माणूस हवाय, तू चालशील. चटणी कुटून ठेवलीय, न्यायला पिशवी आण, लॅपटॉपची नको. उशीर केलास तर कुटुंबप्रमुख रागावतील.

कळावे, आणि कळूनही माया तशीच असू द्यावी.

तुझी ताई,
रुक्मिणी
(कुटुंबप्रमुख)